तुटलेली तार कोण काढणार?

तुंबलेली मलवाहिनी मोकळी करण्यासाठी आत सोडलेली पोलादी तार अर्ध्यावर तुटावी आणि तिचा तुकडा नळातच अडकून पडावा, ही घटना वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी होत नाही. घडते ते एवढेच की, तासा-दोन तासांत तळमजल्यावरच्या न्हाणीघरात घाण पाणी वर येऊ लागते, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांचा दूरध्वनी खणखणू लागतो, कंत्राटदाराचा माणूस चेंबरच्या काठावर उकिडवा बसून आत डोकावतो आणि थोड्या वेळाने तो, किंवा त्याने नाक्यावरून आणलेला दुसरा कोणी, अंगावरचे कपडे उतरवून आत उतरतो. तो सुखरूप वर आला तर तीही बातमी होत नाही. वर आला नाही, तर दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून येतात. आणि त्या चार ओळींत तारेचा उल्लेख बहुधा नसतोच.

मलवाहिन्यांच्या सफाईचे यांत्रिकीकरण हा गेल्या काही वर्षांत सरकारी भाषणांचा आवडता विषय झाला आहे. ‘मॅनहोल’कडून ‘मशीनहोल’कडे, अशी घोषणा २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातच झाली. घोषणेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु यंत्र आले की माणूस खाली उतरावयाचा थांबला, असा जो एक सोयीस्कर समज या घोषणेमागे आहे, तो तपासून पाहिला पाहिजे. यंत्र सुरळीत चालत असते तोवर माणूस वर असतो, हे खरे. यंत्र अडले, दोर तुटला, तार आत राहिली की काय करावयाचे, याची व्यवस्था जर आधी केलेली नसेल, तर त्या क्षणी यंत्राची जागा पुन्हा माणसालाच घ्यावी लागते. आणि तीही नेमकी अशा वेळी की, जेव्हा वाहिनी तुंबलेली असते, आतला वायू कोंडलेला असतो आणि वरचे लोक घायकुतीला आलेले असतात.

या तारेचा थोडा इतिहास सांगण्याजोगा आहे. विजेच्या मोटारीने पोलादी तार फिरवून नळातील अडथळा कापून काढणाऱ्या यंत्राचे श्रेय अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सॅम्युएल ब्लँक या गृहस्थांकडे जाते. मुलाच्या घरचा तुंबलेला नळ साफ करताना झालेल्या त्रासातून त्यांना ही कल्पना सुचली आणि कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार, ‘रोलर स्केट’ची चाके व पोलादी तार एवढ्या सामग्रीवर त्यांनी १९३३ च्या सुमारास आपले यंत्र उभे केले. पुढे ‘रोटो-रूटर’ या नावाने ते जगभर गेले. तोवर तेथील रीत अशी होती की, झाडांची मुळे नळात शिरून तो बंद झाला म्हणजे अंगण खणावयाचे, नळ उघडा करावयाचा आणि साफ करून पुन्हा पुरावयाचा. खणण्याचा हा खर्च वाचावा म्हणून तेथे यंत्र आले. आपल्याकडे खणण्याहून माणूस स्वस्त होता. कोणत्या जातीचा माणूस हे काम करील, हे ठरलेले होते आणि त्याला नकार देण्याची सोय समाजाने ठेवलेली नव्हती. त्यामुळे यंत्राची निकड आपल्या पालिकांना फार उशिरा जाणवली. बांबूच्या कामट्या, लोखंडी रॉड आणि खाली उतरणारा माणूस यांवरच आपला कारभार वर्षानुवर्षे चालला.

तार का तुटते, हे समजून घेतले तर ती कशी काढावी हेही समजते. मुंबईत ज्याला ‘चोकअप काढणे’ म्हणतात त्या कामासाठी वापरली जाणारी तार ही साधी तार नसते; पोलादाची तार स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळून ती तयार केलेली असते, म्हणून कारागीर तिला नुसते ‘स्प्रिंग’ही म्हणतात. मोटार एका टोकाला पीळ देते आणि तो पीळ तारेतून दुसऱ्या टोकाच्या पात्यापर्यंत पोहोचतो. पाते मुळांच्या जाळ्यात किंवा नळाच्या सरकलेल्या सांध्यात अडकले आणि मोटार मात्र फिरतच राहिली, तर हा सारा पीळ तारेत साठत जातो. मग ती वेटोळे घालते, एके ठिकाणी मुरडते आणि मुरडलेली जागा कायमची अशक्त होते. ती सरळ करून पुन्हा वापरली की पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या खेपेस ती तिथेच तुटते. नळ मोठा आणि तार बारीक असली तर ती आतल्या आत उलट फिरून स्वतःवरच दुमडते. काम संपल्यावर न धुता ओलीच गुंडाळून ठेवलेली तार गंजते. मलवाहिनीतल्या वायूपासून ओलसर पृष्ठभागावर गंधकाम्ल तयार होते. ज्या आम्लाने सिमेंटच्या नळांची छते आणि मॅनहोलच्या लोखंडी पायऱ्या खाल्ल्या जातात, ते या तारेला सोडील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

येथे एक गोष्ट घरोघरच्या वाचकांसाठी सांगितली पाहिजे. नहाणी तुंबली की कारागिराला बोलावण्यापूर्वी दुकानातून ॲसिडची बाटली आणून ओतण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. त्या ॲसिडने तार खराब होते, कारागिराचे हात भाजतात, आणि गाळात साठलेल्या गंधकयुक्त द्रव्यांशी त्याचा संयोग झाला तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मोकळा होतो. ज्या घराने बाटली ओतली त्याला याचा पत्ताही नसतो. चेंबरवर वाकलेल्या माणसाला असतो.

आता तार आत राहिली आहे असे समजा. विहिरीवर पोहऱ्याचा दोर तुटला की गावात काय करीत, हे जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. कोणी लगेच विहिरीत उडी घेत नसे. लोखंडी आकड्यांचा गळ दोराला बांधून खाली सोडीत, तळाशी चाचपडत फिरवीत आणि बादली अडकली की सावकाश वर ओढून घेत. नळात अडकलेली तार काढण्याची विद्या मूलतः हीच आहे. यंत्र बनविणारे कारखाने पात्यांच्या बरोबरीने एक वेगळे टोक तयार करतात. ते बुचे काढण्याच्या मळसूत्रासारखे, पण पुढे तोंड पसरलेले असते. दुसऱ्या शाबूत तारेला ते जोडून आत सोडावयाचे. तुटलेला तुकडा स्वतःच गुंडाळीचा असल्यामुळे या मळसूत्राचे टोक त्याच्या वेढ्यांत शिरते आणि तो तुकडा त्यात गुंतत जातो. सुदैवाने ज्या रचनेमुळे तार मुरडते, तीच रचना ती परत मिळवायला मदत करते.

हे काम शक्तीचे नाही, हाताच्या जाणिवेचे आहे. किती तार आत गेली होती आणि किती परत आली, हे प्रथम मोजावे लागते. वीस मीटर गेली आणि आठ मीटर आली, तर बारा मीटर आत आहे आणि तिचे तुटके टोक साधारण कोठे असावे याचा अंदाज बांधता येतो. गळाची तार त्या अंतरापर्यंत हातानेच, हळूहळू वळवीत न्यावयाची. स्पर्श जाणवला की अगदी मंद गतीने दोन-तीन वेढे द्यावयाचे आणि मोटार बंद करावयाची. येथे घाई करून जोरात फिरवले तर दुसरी तारही पिळून तुटते आणि एकाच्या जागी दोन तुकडे होतात. मग हाताला कातडी मोजे घालून एकसारख्या ताणाने ओढावयाचे. कापडी मोजा फिरत्या तारेत गुंडाळला जाऊन बोटे जाऊ शकतात. पहिल्या प्रयत्नात तुकडा येईलच असे नाही. पण तीन-चार प्रयत्नांनी तो हलला तरी त्याच्या पाठीमागे साचलेले पाणी वाट काढते आणि पुढचे काम सोपे होते.

तेवढ्याने भागले नाही तर कॅमेऱ्याची मदत घ्यावी लागते. वाहिनी पाण्याने भरलेली असताना कॅमेऱ्याला काहीही दिसत नाही. म्हणून वरच्या बाजूच्या मॅनहोलमध्ये रबरी फुगा बसवून प्रवाह अडवावा लागतो आणि साचलेले पाणी शोषक टँकरने काढून घ्यावे लागते. कॅमेऱ्याच्या डोक्यात बसविलेला लहानसा प्रक्षेपक जमिनीवरच्या उपकरणाला आपली जागा व खोली कळवितो. मग तुकडा कोठे आहे हे खडूने रस्त्यावर आखून दाखविता येते. आजूबाजूचा गाळ सोडविण्यासाठी उताराच्या बाजूने उच्च दाबाच्या पाण्याची नळी सोडतात. तिच्या तोंडाशी मागे वळविलेल्या फवाऱ्यांच्या जोरावर ती प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि गाळ मागे लोटीत आणते. मात्र ही नळीही तुटक्या तारेत गुंतू शकते, म्हणून आधी कॅमेरा आणि मग पाणी, हा क्रम पाळावा लागतो. हे सारे थकले की शेवटचा उपाय म्हणजे आखलेल्या जागी खणणे, तेवढा नळ कापून बदलणे. ब्लँकसाहेबांचे यंत्र येण्यापूर्वी जे करीत असत, तेच.

या संपूर्ण प्रक्रियेत कोठेही माणसाने आत उतरण्याची पायरी येत नाही. सहा किंवा नऊ इंची नळात तर माणूस शिरूच शकत नाही. मग तो उतरतो कशासाठी? नळाच्या तोंडाशी असलेल्या चेंबरमध्ये किंवा मॅनहोलमध्ये उभे राहून दिसणारे टोक हाताने ओढण्यासाठी, पहारीने गाळ फोडण्यासाठी. आणि धोका तेथेच असतो. अडथळ्यामागे पाणी साचून राहिलेले असते. त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. गाळ ढवळला गेला की सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसा तो एकदम सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग एवढ्या प्रमाणात तो पोहोचला की नाक बधिर होते. सडक्या अंड्याचा वास येईनासा होतो आणि हवा निवळली असे माणसाला वाटू लागते. पाचशे-सातशे भागांत काही मिनिटांत शुद्ध हरपते. हजार भागांत एक-दोन श्वास पुरतात. कंदील किंवा जळती काडी सोडून हवा पाहण्याची जुनी रीत या वायूबद्दल काहीच सांगत नाही, उलट मिथेन असेल तर स्फोटाला आमंत्रण देते. खाली पडलेल्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. या दुर्घटनांतील मृतांची संख्या पुष्कळदा एकाहून अधिक असते ती यामुळे.

कायदा या बाबतीत मुका आहे असे म्हणता येणार नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. मलवाहिन्या आणि सेप्टिक टाक्या यांच्या धोकादायक सफाईला स्पष्टपणे हात घालणारा दुसरा कायदा २०१३ चा. या दुसऱ्या कायद्यान्वये अशा सफाईसाठी माणसाला कामावर लावणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी निकाल देताना १९९३ पासूनच्या प्रत्येक मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाखांवर नेली. २९ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत ही प्रथा थांबविण्याचा आदेश दिला. एवढे आदेश पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, यातच त्यांच्या अंमलबजावणीची कथा आहे.

तुटलेल्या तारेच्या संदर्भात २०१३ ची नियमावली वाचण्यासारखी आहे. संरक्षक साधनांसहसुद्धा माणसाने मलवाहिनीत उतरू नये, असा तिचा सर्वसाधारण दंडक आहे. त्याला अपवाद दिलेले आहेत: यंत्र चालू शकत नाही अशा ठिकाणी पडलेले काँक्रीट, प्रकाशतंतूंची केबल किंवा मॅनहोलचे मोडके झाकण काढणे, नवी मोठी वाहिनी जुनीला जोडणे, विहिरीच्या तळाशी बसविलेले पंप काढणे, मॅनहोलची पुनर्बांधणी किंवा वाहिनीची दुरुस्ती. सफाईच्या यंत्राची तुटलेली तार या यादीत नाही. शेवटी एक मोकळा अपवाद ठेवला आहे: अगदीच अपरिहार्य असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी. म्हणजे तार काढण्यासाठी माणूस उतरवावयाचा असेल तर आयुक्तांची सही हवी. रविवारी दुपारी संस्थेच्या मागच्या गल्लीत चेंबरचे झाकण उघडले जाते तेव्हा अशा सहीची कोणाला आठवण होते, हे वाचकांनीच सांगावे.

आणि हे केवळ पालिकांचे पाप आहे असे मानून आपल्याला मोकळे होता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथील एका गृहनिर्माण संस्थेची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाखांच्या भरपाईचा आदेश झाला. केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ या वर्षांतील अशा ५४ मृत्यूंची सामाजिक तपासणी करविली आणि तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये संसदेपुढे आले. त्यात ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. ३८ जण कोणत्याही संस्थेच्या नोकरीत नव्हते, त्यांना व्यक्तिशः त्या कामापुरते बोलावलेले होते. बोलावणारे कोण? तुमच्या-आमच्यासारखेच, सुशिक्षित, मासिक देखभाल शुल्क वेळेवर भरणारे आणि वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावर तासभर वाद घालणारे लोक.

कंत्राटदाराने संरक्षक पोशाख द्यावा, एवढी मागणी करून थांबण्यात मला तरी समाधान वाटत नाही. पोशाख हवाच, पण पोशाख दिला की उतरविणे योग्य ठरले, असा अर्थ त्यातून काढला जातो. महाराष्ट्रात या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी पूर्वीच दाखविली गेली आहे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून उपोषण केले, हे प्रसिद्धच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी संडासाची रचनाच अशी केली की मैला उचलण्याचे काम उरू नये. माणसाला अधिक चांगला मुखवटा चढविण्यापेक्षा ते कामच नाहीसे करावे, हा त्यातला विचार. त्या विचाराला धरून आज काही ठिकाणी प्रयत्न होत आहेत. हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरू शकणारी सत्तर लहान जेटिंग यंत्रे कामाला लावली आणि त्यांची मालकी दलित उद्योजकांकडे दिली. पुण्यात जन्मलेल्या दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ या संघटनेचा त्यात वाटा होता. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविलेले ‘बँडिकूट’ हे यंत्र २०१८ पासून मॅनहोलमध्ये हात घालून गाळ उचलू लागले. ही उदाहरणे उत्साहवर्धक आहेत. परंतु यंत्रे विकत घेताना त्यांच्याबरोबर गळ, सुटी तार, कॅमेरा आणि ते चालविणाऱ्याचे प्रशिक्षण विकत घेतले जाते काय, हा प्रश्न निविदा उघडणाऱ्यांना विचारला पाहिजे. उद्घाटनाच्या छायाचित्रात यंत्र दिसते. गळ दिसत नाही.

संस्थांच्या हातात असलेल्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. सफाईचे काम देताना करारात एक कलम घालता येते: तार अडकली किंवा तुटली तर कोणीही चेंबरमध्ये किंवा टाकीत उतरणार नाही, काम थांबेल आणि तुकडा काढण्याची साधने कंत्राटदार आणील, खणावे लागल्यास खर्च संस्थेचा. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तो खर्च कंत्राटदाराच्या माथी मारला की तो माणूसच उतरविणार. दुसरे असे की, तुकडा निघेपर्यंत वरच्या टाकीची चावी बंद ठेवावी लागते. दोन तास, चार तास, कधी दिवसभर. फलकावर सूचना लावली तर लोक कुरकुरतील. पाहुणे आलेले असतील, कोणाची परीक्षा असेल. पाणी येतच राहिले तर मात्र घाण तळमजल्यावर चढत जाते, तळमजल्यावरचे लोक ओरडू लागतात आणि चेंबरच्या काठावरच्या माणसावर ‘एकदाचे उतरून बघ’ म्हणून दडपण येते. चावी बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे आधी ठरलेले असावे.

आणि तुकडा बाहेर आल्यावर काम संपले असे समजू नये. तो धुऊन फरशीवर सरळ ठेवावा, त्याच्या शेजारी मशीनवर राहिलेली तार उलगडावी आणि दोन्हींची लांबी मूळ लांबीशी ताडून पाहावी. हातभर जरी कमी भरली, तरी तेवढा तुकडा अजून नळात आहे. त्याला उद्या चिंधी अडकेल, परवा केस आणि चरबी, आणि पुढच्या महिन्यात तेच झाकण पुन्हा उघडावे लागेल.